गाळलेल्या नावाचा सत्कार

जीवनच्या सत्काराला फेटे तीन मागवले होते. एक जीवनला, एक अर्जुनरावांना आणि एक विरोधी पक्षाच्या त्या आमदारांना, ज्यांच्याबरोबर बसून जीवननं नागपूरच्या अधिवेशनात ती ऐतिहासिक तडजोड केली होती. ते आमदार आलेच नाहीत. त्यांच्या पक्षानं सकाळीच त्यांना सहा वर्षांसाठी काढून टाकलं होतं, आणि काढून टाकलेल्या माणसाला भर सभेत फेटा बांधून घेणं जरा जड जातं. आणलेला फेटा परत कुठं न्यायचा म्हणून बांधणाऱ्यानं तो जीवनच्या धाकट्या भावाच्या, नवनाथच्या डोक्याला गुंडाळला. नवनाथनं नाही म्हटलं, पण मान वाकवून म्हटलं.

नांदूरघाटच्या शाळेच्या मैदानावर मांडव होता. मागच्या फलकावर जीवनचा हात जोडलेला फोटो, शेजारी अर्जुनरावांचा त्याहून थोडा मोठा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर: ‘लोकशाहीसाठी सख्ख्या बहिणीचं नाव गाळणारा निःस्पृह नेता’.

तडजोड अशी होती. सरकारनं तालुक्यातालुक्याला न्यायपीठं काढायचा कायदा केला होता. भांडणं घराजवळ मिटावीत हा हेतू होता, आणि ती आपल्या माणसापुढं मिटावीत हा त्याच्या आतला हेतू होता. पीठावर नेमायच्या वकिलांची नावं सरकारनं सुचवायची आणि विधानसभेनं दोन तृतीयांश मतांनी ती मान्य करायची, अशी अट होती. पहिल्याच अकरा नावांना विरोधकांनी आडकाठी घातली. सरकार म्हणालं, मग आम्ही अटच काढतो. विरोधक म्हणाले, मग सभागृह चालवून दाखवा. निम्मं अधिवेशन पायऱ्यांवर घोषणा देण्यात गेलं. शेवटी दोन्हीकडचे सात मवाळ आमदार आमदार निवासातल्या एका खोलीत बसले आणि त्यांनी तोड काढली: आठ नावं मंजूर, तीन नावं गाळायची, आणि अट जशीच्या तशी ठेवायची.

तोडीनं सगळ्यांचं समाधान झालं, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. सगळ्यांमध्ये दोन्ही पक्ष धरलेले नव्हते.

गाळायच्या तीन नावांपैकी दोन सोपी होती. एका वकिलाची सनद पूर्वी एकदा निलंबित झाली होती. दुसरा एका मंत्र्याचा मेहुणा होता, आणि त्याला वर चढवायची हौस खुद्द मंत्र्यालाच उरली नव्हती. अडलं ते तिसऱ्या नावाशी. उरलेल्या नऊ वकिलांपैकी आठांच्या मागं कुणी कारखानदार होता, कुणी खासदार होता, एकाच्या मागं तर अख्खा मठ होता. नववं नाव ॲडव्होकेट पंचशीला कचरू जोगदंड. तिच्या मागं फक्त भाऊ होता, आणि तो त्याच टेबलावर चहा पीत होता.

तिसरं नाव जीवननंच सुचवलं. बाकीच्या सहा जणांनी उठून त्याच्याशी हात मिळवला.

आता मांडवात तो माइकपुढं उभा राहून म्हणाला, “तथागतांनी आपल्याला मध्यम मार्ग शिकवला. मी तोच विधानसभेत नेला.”

पुढच्या रांगेत त्याचे वडील, कचरू, बसले होते. ते एसटीत कंडक्टर होते, केज डेपोतून निवृत्त झाले होते. शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ते म्हणाले, “दोघांच्या मधी उभं राहून बहिणीला खाली ढकला, हे कोणत्या सुत्तात हाय रे?”

शेजाऱ्यानं टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, टाळ्यांची जागा आली.

भाषण संपवून जीवन खाली बसला तेव्हा अर्जुनराव त्याच्याकडं झुकले. मतदारसंघ राखीव असल्यामुळं अर्जुनरावांना स्वतः आमदार होता येत नव्हतं. तेवढा एक अडथळा सोडला तर मतदारसंघ त्यांचाच होता. ते समोरच्या लोकांकडं बघून हसत होते आणि हसता हसता बोलत होते.

“मुंबईहून फोन आलता. तुझ्या घरी येतो, मंग बोलू.”

“काय म्हणले, साहेब?”

“हास आधी. फोटो काढायलेत.”

जीवन हसला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो फोटो फार चांगला आला.

*

घरी दीपमाला भाकरी थापत होती. जीवनची ती बायको; माहेर पाटोद्याचं, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. नवरा आमदार झाल्यापासून शाळेतले लोक तिला मॅडमऐवजी वहिनीसाहेब म्हणू लागले होते, आणि ते तिला मुळीच आवडत नव्हतं. सासूबाई, सिंधुबाई, येसराचा मसाला भाजून आमटीच्या तयारीला लागल्या होत्या. येसराचा खमंग धूर घरभर झाला होता, आणि त्या धुरातच पंचशीला स्कूटी लावून आत आली. खांद्याला कोर्टाची पिशवी होती. रविवारीही.

“दादा आला का?” तिनं विचारलं.

“सभेत हायेत,” दीपमाला म्हणाली. “लोकशाही वाचवायलेत अजून.”

“किती वाचली?”

“आठ नावांएवढी.”

दोघी हसल्या. सिंधुबाई हसल्या नाहीत. जीवन नागपूरहून आल्यापासून त्यांनी या थोरल्या मुलाला रोज ताट वाढलं होतं, पण त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. जीवनला वाटत होतं, मायचा घसा बसलाय. त्यानं दवाखान्यात न्यायची तयारीही दाखवली होती.

“त्यांचा फोन कावून उचलत न्हाईस?” दीपमालानं नणंदेला विचारलं. “रोज लावायलेत. न्हाई उचलला की माझ्यावर डाफरतेत.”

“माझ्या फोनलाबी दोन तृतीयांश लागतंय, वैनी.”

“चेष्टा ऱ्हाऊ दे गं.”

पंचशीलानं पिशवी खुंटीला अडकवली, हात धुतले आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. दोनचार घाव घातले न घातले तोच थांबली.

“वैनी, तुमी आलतात ना माझ्यासंगं पाटोद्याला? कोट शिवायला?”

“आलते की.”

“टेलर इचारत व्हता, एवढा चांगला कपडा कशाला बाई, कोर्टातला जुना काय वाईट हाय? मी त्याला सांगितलं, वरच्या खुर्चीवर बसायचा कोट हाय म्हणून. सांगायला नको व्हतं. सगळ्या पाटोद्याला सांगितल्यावानी झालं.” ती पुन्हा कुटू लागली. “परक्या लोकांनी नाव गाळलं असतं ना, तर मी दोन दिवस रडले असते आन् तिसऱ्या दिवशी कोर्टात गेले असते. बार रूममधी लोक मला इचारतेत, तुमचा भाऊ लई निःस्वार्थी हाय म्हणे? मी म्हणते, व्हय, माझ्याबाबतीत तर लईच.”

दीपमालाला नागपूरहून आलेला फोन आठवला. जीवनचा आवाज आनंदानं फुटत होता. ‘घरचंच नाव दिलं, आता कोण बोट दाखवंल माझ्याकडं?’ तिनं काही उत्तर न देता फोन ठेवला होता. रेंज गेली असं त्याला वाटलं. त्याच्या लेखी असं सगळं रेंजमुळंच व्हायचं.

“मी तुला बोलावलंय ते त्याच्यासाठी न्हाई हां,” सिंधुबाई एकदम म्हणाल्या. “जेवायला बोलावलंय. गाठ घालून द्यायची हाउस मला न्हाई. तू जेव, त्याला बोलायचं तर बोल, न्हाई तर नको बोलू. मी तर बोलत न्हाईच.”

“त्याला वाटायलंय तुझा घसा बसलाय.”

“वाटू दे. लेकाला तसंबी उशिराच कळतंय.”

बाहेर गाड्यांची दारं एकामागून एक आपटली.

*

अर्जुनराव उंबऱ्यातून आत येताना मोठ्यानं म्हणाले, “जय भीम, कचरूभाऊ!”

कचरूंनी मागं वळून पाहिलं. आपल्यामागं दुसरा कुणी कचरू उभा आहे की काय, असं त्यांना वाटलं असावं. अर्जुनराव त्यांच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान होते आणि आजवर त्यांना नुसतं कचरू म्हणत आले होते. निवडणुकीच्या महिन्यात ‘कचरूबा’ व्हायचं, निकाल लागला की ‘बा’ गळून पडायचा. ‘भाऊ’ पहिल्यांदाच आलं होतं.

पंचशीलानं स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहिलं आणि तिच्या मनातला वकील सावध झाला. साक्षीदार विनाकारण गोड बोलू लागला की तो पुढं काय मागणार आहे, याचा अंदाज घ्यायची तिला सवय होती.

“ताटं वाढा, सिंधुताई,” अर्जुनराव जमिनीवरच्या सतरंजीवर मांडी घालून बसले. “भूक लागलीय लई.”

सिंधुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं अर्जुनराव या घरी आले की त्यांचा कसला ना कसला उपास असायचा. सोमवारी सोमवार, गुरुवारी गुरुवार, आणि बुधवारी आले तर पोट बिघडलेलं. चहा तेवढा घ्यायचे, तोही बाहेरून मागवलेल्या कपात.

“आज उपास न्हाई व्हय साहेबांना?” सिंधुबाईंनी विचारलं.

“सोडला. आता आपलं घर आन् तुमचं घर काय येगळं हाय का?”

“आमाला तर येगळंच दिसायलं इतके दिवस,” सिंधुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वाढलं. दोन भाकरी, आमटी, चटणी. पाहुण्याला वाढताना हात आखडता घ्यायची त्यांची रीत नव्हती. तोंडाचं तसं काही नव्हतं.

पंगतीला कचरू, जीवन, नवनाथ आणि अर्जुनराव बसले. अर्जुनरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि घास तोंडात जायच्या आधीच विषय काढला.

“जीवन, तिकीट गेलं तुझं.”

जीवनचा हात ताटातच राहिला. निवडणुकीला वर्षही उरलं नव्हतं.

“गेलं म्हंजी? साहेब, पेपरमधी तर रोज माझं…”

“पेपरवाले देतेत का तिकीट? अरे, पक्षाला ती अट काढायची व्हती. नावं गेली खड्ड्यात. अट निघाली असती तर पुढच्या सगळ्या नेमणुका हातात आल्या असत्या. तुमी सात शहाण्यांनी बसून अटच वाचवली! अध्यक्ष म्हणले, तो तुमचा जोगदंड विरोधकांचा जावई हाय का?”

“मंग आत्ता सत्कार कावून केलात?”

“मांडववाल्याला सांगून झालतं.”

नवनाथनं खाली मान घालून चटणी घेतली. तो जीवनचं मतदारसंघातलं ऑफिस सांभाळायचा. कुणाची बदली, कुणाचं विजेचं कनेक्शन, कुणाच्या लग्नाला आहेर, सगळं त्याच्याकडं. भावाचं तिकीट गेल्याची बातमी ऐकून त्याला धक्का बसला असावा, असं पंचशीलाला वाटलं. मग तिनं नीट पाहिलं. तो शांतपणे चावत होता.

“आन् गाळायला तरी दुसरं नाव न्हवतं का रे?” अर्जुनरावांचा आवाज चढला. “सगळ्या अकरांतून हिचंच सापडलं? मी घातलतं ते नाव! मुंबईला दोन खेपा केल्या, मंत्र्याच्या बंगल्यावर ताटकळत बसलो, तवा कुठं घातलं. आन् तू ते चहा पिता पिता काढून दिलंस!”

पंचशीलाच्या हातातलं आमटीचं भांडं जड झालं. तिनं ते खाली ठेवलं.

तिला वाटलं होतं, नाव यादीत तिच्या कामामुळं गेलं. केजच्या कोर्टात तिनं घातलेली वर्षं, फुकट लढवलेल्या नांदण्याच्या केसेस, न्यायाधीशांनी निकालपत्रात तिच्या युक्तिवादाबद्दल लिहिलेली ती एक ओळ. भावानं नाव काढलं याचा राग तिला या सगळ्यासाठी आला होता. आता कळत होतं की काढलेलं नाव मुळात घातलं होतं अर्जुनरावांनी, आणि ते कशासाठी घातलं हे समजायला तिला वकिली शिकायची गरज नव्हती.

“काका,” ती म्हणाली, “माझ्या हुशारीवर एवढा जीव कवापासून जडला तुमचा? गायरानावर स्टे मिळाला तवापासून का त्याच्या आधी?”

गावाबाहेरच्या गायरानावर धुळाजी आणि आणखी काही बौद्ध आणि भटकी कुटुंबं दोन पिढ्या ज्वारी पेरत आली होती. अर्जुनरावांच्या मुलाला, शिवशंकरला, त्या जमिनीवर सौरऊर्जेचा प्रकल्प उभारायचा होता. पंचशीलानं कोर्टातून मनाई हुकूम आणला आणि प्रकल्पाचे खांब ट्रकवरच राहिले. ती न्यायपीठावर गेली असती तर तिला वकिली सोडावी लागली असती. केस सोडावी लागली असती. धुळाजीला नवा वकील बघावा लागला असता, आणि जिल्ह्यात असे वकील किती आहेत हे अर्जुनरावांना ठाऊक होतं.

“पोरी, तू उगं वाकड्यात शिरायलीस,” अर्जुनराव म्हणाले. “आपल्या गावची लेक वर जावी, एवढंच मनात व्हतं.”

“वर न्हाई, काका. बाजूला.”

कचरू पहिल्यांदाच बोलले. “आमच्या गाडीतबी असे पाशिंजर असायचे. म्हातारीला म्हणायचे, मावशे, पुढं खिडकीची जागा हाय बघ. ती उठली की हे तिच्या जागेवर.”

अर्जुनरावांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी दुसरी भाकरी मोडली. “बरं, झालं गेलं सोडा. मी आज भांडायला न्हाई आलो. पक्षाला आता उमेदवार लागतोय. आन् जिल्ह्यात आज एकच नाव सगळ्यांच्या तोंडात हाय. भावानं जिचं नाव गाळलं ती बहीण. बायाबापड्या हळहळायल्या तुझ्यासाठी. पंचशीला, तू उभी ऱ्हा. तिकीट मी आणतो.”

जीवननं डोळे मिटले. सगळं आयुष्य त्यानं कुणाचंच मन न दुखवता काढलं होतं, आणि त्याचं फळ असं आलं होतं की त्याच्या त्यागाच्या जोरावर त्याच्याच जागेवर त्याची बहीण बसणार होती.

“ताईसाहेब,” नवनाथ लगेच म्हणाला, “इचार करा. लई मोठी संधी हाय.”

सकाळपर्यंत ती त्याची ताई होती.

“आमदार झाल्यावर वकिली करू द्याल का, काका?” पंचशीलानं विचारलं.

“कशाला करायची? मतदारसंघ बघायचा का कोर्टात बसायचं?”

“म्हंजी गायरानाची केस सोडायची.”

“ती काय, कुनीबी लढवल.”

“मंग नको.”

अर्जुनरावांनी हात झटकला. उत्तर अपेक्षितच असल्यासारखे ते जीवनकडं वळले. “ठीक हाय. मंग दुसरं सांगतो. जीवन, तुझं तिकीट मी वाचवतो. अध्यक्षाच्या पाया पडायला मी येतो तुझ्यासंगं. फकत बहिणीला एवढं समजाव, त्या केसमधून नाव काढून घे. एकदा तूच काढलंस ना तिचं नाव? आणखी एकदा काढ.”

*

जीवनला मनातल्या मनात एक वाक्य तयार होताना दिसलं. त्याचं ते नेहमीचं वाक्य होतं: ‘माझी एक सूचना आहे.’ या वाक्यानंच तो पंचायत समितीत निवडून आला, याच वाक्यानं त्याला आमदारकी मिळाली, आणि नागपूरच्या त्या खोलीत सगळे घुम्यासारखे बसले असताना यानंच त्याला इतिहासात नेलं. सूचनाही तयार होती. पंचशीलानं केस सोडायची नाही, नुसती तारीख पुढं ढकलायची. निवडणूक होईपर्यंत. शिवशंकरनं खांब निम्म्याच जमिनीवर रोवायचे. धुळाजीला उरलेली निम्मी. सगळ्यांचं समाधान.

त्यानं तोंड उघडलं. “माझी एक…”

पंचशीला त्याच्याकडं बघत होती. चिडून बघत असती तर त्याला सोपं गेलं असतं. चिडलेल्या माणसाला शांत करण्यात त्याची हयात गेली होती. ती नुसती वाट बघत होती. पुढचं वाक्य तिला पाठ होतं, आणि ते ऐकून घ्यायची तिची तयारी होती. लहानपणी डेपोतून वडील येईपर्यंत तिघं भावंडं फाटकावर बसायची तेव्हाही ती अशीच बघायची, त्यानं शेवटचा पेढा कुणाला द्यायचा ते ठरवेपर्यंत. तो दोन तुकडे करायचा. मोठा तुकडा नवनाथला द्यायचा, कारण तो रडायचा. ती रडायची नाही.

“न्हाई,” जीवन म्हणाला.

“काय न्हाई?”

“ती केस लढवल. तिच्या केसमधी मी पडत न्हाई.”

“आन् तिकीट?”

“गेलं म्हणलात ना आत्ता तुमी.”

हे बोलताना त्याला आतून एकदम हलकं वाटलं. तो मोकळेपणा एखादा मिनिट टिकला. मग त्याला अंबाजोगाईचं ऑफिस, दारातली गाडी, सलाम करणारा हवालदार असं सगळं एकामागून एक आठवू लागलं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि तो परत घ्यायचा तर पुन्हा सात आमदार जमवावे लागले असते.

अर्जुनराव रागावले नाहीत. त्यांनी राहिलेली आमटी प्यायली, हात धुतला, सिंधुबाईंना म्हणाले, “आमटी झकास झालती, ताई,” आणि उठले. दारात कचरूंना त्यांनी मान हलवून निरोप दिला. म्हणाले, “येतो, कचरू.”

त्यांना गाडीपर्यंत पोचवायला नवनाथ गेला.

दीपमाला खिडकीशी उभी होती. नवनाथ गाडीच्या दाराशी वाकून बोलत होता. आधी हात जोडून, मग एक हात टपावर ठेवून, मग दोन्ही कोपरं खिडकीत टेकवून. मग पलीकडचं दार उघडलं आणि तो आत बसला. गाडी निघून गेली.

“आत्या,” दीपमाला म्हणाली, “भाऊजी गेले त्यांच्यासंगं.”

“कुठं?”

जीवनचा फोन वाजला. त्यानं तो कानाला लावला, ऐकत राहिला, आणि खाली ठेवला.

“नवनाथ व्हता. साहेबांसंगं बीडला जायलाय म्हणला, तिथून मुंबई. म्हणला, दादा, तिकीट आपल्या घरातच ऱ्हावं म्हणून जायलोय, राग मानू नको.” जीवन थांबला. “म्हणला, सगळ्यांनी समजून घ्यावं.”

“ह्यो तर तुझ्याहून हुशार निघाला,” सिंधुबाई म्हणाल्या. नागपूरनंतर थोरल्या लेकाशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य होतं.

जीवननं चमकून वर पाहिलं. “माय, तुझा घसा…”

“घशाला काय धाड भरलीय? जेव आता.”

कचरू उठून पडवीत जाऊन बसले. धाकटा मुलगा आता आपल्याच दारात मतं मागायला येईल, मागं अर्जुनराव असतील, पुढं वाजंत्री असेल, आणि आपण कुणाला मत दिलं ते बायकोलाही सांगता येणार नाही, एवढा हिशेब त्यांनी तिथं बसून केला. मग त्यांनी सिंधुबाईंना हाक मारून पाणी मागितलं. आणलेलं पाणी त्यांनी प्यायलं नाही.

जेवणं कशीबशी उरकली. पंचशीला पिशवी घ्यायला खुंटीपाशी गेली, तसा जीवन तिच्यामागं आला. फेटा त्यानं केव्हाच काढून ठेवला होता. कपाळावर त्याचा लाल वळ उठला होता.

“थांब की थोडं. बोलायचंय.”

“बोल.”

“त्या खोलीत समद्यांच्या मागं कोण ना कोण व्हतं. तुझ्यामागं कोणीच न्हवतं.”

“तू व्हतास.”

“म्हणून तर…” तो अडकला. इतकी भाषणं केलेल्या माणसाला हे एक वाक्य पुरं करता येईना. “मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं काढलं तर तो आयुष्यभर दावा धरंल. तू न्हाई धरणार.”

“हे तू इचार करून ठरवलंस?”

“इचार न्हाई केला. सवय हाय.”

पंचशीलानं पिशवी खुंटीवरून काढली. त्याला इतकं खरं बोलताना तिनं बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि त्याचं काय करावं हे तिला कळेना. माफ करावं एवढं ते मोठं नव्हतं, आणि सोडून द्यावं एवढं लहानही नव्हतं.

“आज न्हाई म्हणलास ते बरं केलंस,” ती म्हणाली. “पण ते आजचं झालं, दादा. नागपूरचं येगळं.”

“मंग? मी काय करू? माफ करशील का न्हाई, तेवढं तरी सांग.”

तिनं पिशवी खांद्याला लावली, स्कूटीची किल्ली काढली आणि दारातून बाहेर पडता पडता म्हणाली,

“दोन्ही बाजू ऐकल्या. निकाल राखून ठेवलाय.”